चिबडावरचं घर

मी नगरपालिकेत निवडून आले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, बायकांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा. आमचे हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक, म्हणजे नोकरदार. त्यांना उभं राहता येत नव्हतं. गल्लीतली चार माणसं घरी आली, म्हणाली, "वहिनी शिकलेल्या हायेत, त्यांनाच उभं राहू द्या." मी जुन्या मॅट्रिकची. तेवढं पुरलं.

गाव जालना जिल्ह्यातलं, परभणीकडं जाणाऱ्या रेल्वेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं, कापसाच्या आणि ज्वारीच्या बाजाराचं. नाव लिहीत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून तिथंच आहेत आणि मला भाजी घेताना भेटतात.

पहिल्या सभेत मी मागच्या भिंतीला लागून बसले. शेजारी एक बाई येऊन बसल्या. जरीकाठाची पिवळी ओढणी, नाकापर्यंत ओढलेली, हातात लाखेच्या बांगड्या. बाजारातल्या मोठ्या मारवाडी आडत दुकानाची ती धाकटी सून. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, पण ह्या बाई स्वतः लग्न होऊन नागौरकडच्या एका खेड्यातून आलेल्या. मराठी उत्तम बोलायच्या, मधेमधे हिंदी पेरून. सगळं गाव त्यांना भाभी म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्या मला ताई म्हणायच्या, वयानं दोन वर्षं मोठ्या असून.

दोघींनाही सभेतलं काही कळत नव्हतं. विषय वाचला जायचा, पुढच्या बाकावरून "मंजूर, मंजूर" व्हायचं, आणि चहा यायचा. भाभी ओढणीआडून हळूच म्हणायच्या, "ताई, आपण आता काय मंजूर केलं?" मी म्हणायचे, "बहुतेक गटार." आणि आम्ही पदर तोंडाला लावून हसायचो. असं वर्षभर चाललं. मग दोघींना बांधकाम परवानग्यांच्या समितीवर घातलं. बायका तिथं काही अडवणार नाहीत, असा हिशेब असावा.

गावाच्या पश्चिमेला तळं आहे. जुनं, उथळ, मातीच्या पाळीचं. पाळीच्या खाली, सांडव्यापासून ओढ्यापर्यंत, मोठा चिबडाचा पट्टा होता. चिबड म्हणजे बारा महिने ओल धरून ठेवणारी जमीन. वर लव्हाळा आणि पाणकणीस, खाली पाय ठेवाल तिथं पाणी. आमचं माहेर अंबडकडं, आमच्याही शेतात चिबडाचा एक तुकडा होता. वडील त्यात काही पेरायचे नाहीत. पण त्या तुकड्याखालची आमची विहीर कधी आटली नाही. गावातही तसंच होतं. खालच्या आळीतल्या विहिरींना मे महिन्यात पाणी राहायचं ते ह्या चिबडामुळं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

भाभींचं त्या जागेशी वेगळं नातं होतं. होळीनंतर मारवाडी बायका गणगौर पूजतात आणि शेवटच्या दिवशी वाजत-गाजत गौर-ईसरच्या, म्हणजे पार्वती-शंकराच्या, मूर्ती तळ्यावर नेतात. भाभी मला सांगायच्या, "लग्नाच्या पहिल्या साली सासूबाई घेऊन गेल्या, तर मी पाळीवर चढले आणि तिथंच उभी राहिले. आमच्या गावात गौर विहिरीत शिरवायचो, तीही कोरडी असायची कधीकधी. इथं एवढं पाणी, उघडं, कुणी पहारा देत नाही. मी सासूबाईंना विचारलं, हे आपलंच आहे का?" सासूबाई म्हणाल्या होत्या, सगळ्यांचं आहे. भाभी ते सांगताना अजून नवल वाटल्यासारखा चेहरा करायच्या.

ज्या हिवाळ्यात चिबडावरच्या लेआउटचा विषय समितीपुढं आला, तेव्हा अर्जदार कोण हे आम्हा दोघींना आदल्या दिवशीच कळलं. भाभींचे जेठ, म्हणजे थोरले दीर. घरातले कर्ते, दुकान त्यांच्या हातात, भाभींचे यजमान त्यांच्यापुढं मान वर करून बोलत नसत. त्यांनी तो पट्टा एका शेतकऱ्याकडून विकत घेतला होता आणि त्याचे प्लॉट पाडायचे होते.

स्थळपाहणीला आम्ही जीपमधून गेलो. सभापती, नगरपालिकेचे ओव्हरसियर, अजून दोन सदस्य आणि आम्ही दोघी. पाळीजवळ जीप थांबली.

"बाई, तुम्ही जीपमधीच बसा," सभापती म्हणाले. "चिखल हाय तिकडं."

"चिखल हाय म्हणूनच तर पाहायला आलो," मी म्हणाले आणि उतरले. भाभीही उतरल्या.

ओव्हरसियर हातवारे करून दाखवत होते, रस्ता इथून, प्लॉट इकडं, शाळेची जागा तिकडं. मी विचारलं, "मंग पावसाळ्यात सांडव्याचं पाणी कुठून जाईल?"

"नाली काढू की."

"सांडवा वाहतो तेव्हा इथं कमरेइतकं पाणी असतंय. ते नालीत मावंल?"

"मुरमाचा भराव टाकला की होतंय सगळं बराबर," असं म्हणून ते पुढं गेले.

तेवढ्यात भाभी किंचाळल्या. लव्हाळ्यात त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला होता. मी हात धरून ओढलं, पाय निघाला, चप्पल आतच राहिली. आवाजानं पलीकडच्या पाण्यातून बदकांचा थवा उठला, आमच्या डोक्यावरून एक फेरी मारून तळ्यात उतरला. भाभी एका पायावर उभ्या, लुगडं काळ्या गाळानं भरलेलं, ओढणी खांद्यावर घसरलेली. मला वाटलं रडतील. त्या हसत होत्या.

"ताई, ही जमीन न्हाई," त्या म्हणाल्या. "हे तळंच आहे. वरून गवत उगवलंय फक्त."

परत येताना भाभींनी जीपमध्ये लुगड्यावरचा गाळ निपटून काढला. गाव जवळ आल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला घरच्यांनी निवडणुकीला उभं कशाला केलं, ते आता समजलं."

दोन दिवसांनी त्यांचे जेठ आमच्या घरी आले. मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. उन्हाळ्यात बाजारात पाणपोई तेच चालवायचे आणि कुणाच्या घरी मयत झाली तर पहिले पोचायचे. पांढरं धोतर, काळी टोपी. ह्यांच्याशी आधी एस.टी.च्या वेळांबद्दल बोलले, मग माझ्याकडं वळले.

"ताई, गाव वाढून राह्यलं. नोकरदार लोक येऊन राह्यले. त्यांना घरं पाहिजेत का न्हाई?"

"पाहिजेत की, शेठजी."

"मंग? मी तळ्याला हात लावून राह्यलो का? तळं तसंच राहील. मी खालची पडीक जमीन घेतली."

"ती पडीक न्हाई. आमच्या माहेरी असंच चिबड आहे, त्यावर आम्ही साधा गोठा बांधला न्हाई. पाणी वर येतंय."

"ते शेत होतं ताई, हे शहर व्हायलंय," ते म्हणाले आणि शांतपणे चहा संपवला. जाताना दारात थांबून म्हणाले, "आमची बहू तुमच्या शेजारी बसते. तुम्ही समजदार आहात."

ते काय म्हणाले ते मी भाभींना सांगितलं. त्यांनी हातातल्या बांगड्या फिरवल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही बोला ताई. मी हात वर करीन. जमलं तर बोलेन पण."

समितीतून विषय सर्वसाधारण सभेपुढं गेला, आणि त्या दिवशी सभागृह भरलं होतं. लोकांसाठीच्या बाकांवर जेठ येऊन बसले, बरोबर आमच्या मागं. ते आले तशी भाभींची ओढणी नाकावरून हनुवटीपर्यंत आली. त्यांच्या घरात सुना जेठापुढं बोलत नसत. एका छताखाली पंधरा वर्षं राहून भाभींचा आवाज जेठांनी ऐकला नव्हता, असं म्हटलं तरी चालेल.

मी उठून बोलले. सांडव्याचं पाणी, खालच्या विहिरी, भरावाचं काय होईल, सगळं सांगितलं. मग मत घेतलं. विरोधात आधी माझा हात, मग दोन-तीन इकडचे-तिकडचे, आणि माझ्या शेजारून लाखेच्या बांगड्या घातलेला हात वर गेला. सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष जरा हसून म्हणाले, "बाई, ठराव कशावर चालू हाय ते समजलं ना तुम्हाला?"

भाभींनी मला खाली ओढलं आणि कानात बोलल्या. मी मोठ्यानं म्हणाले, "भाभी म्हणतात, समजलं. त्या स्वतः जाऊन गुडघ्यापर्यंत रुतून आल्या."

पुन्हा त्या कानात बोलल्या. "त्या म्हणतात, घर बांधणारा माणूस आयुष्यात एकदाच बांधतो. त्याला ही जागा दाखवायची तर पावसाळ्यात दाखवा, आणि मंग विका."

कुणी हसलं नाही. मला वाटतं त्या दोन वाक्यांनी पाच-सहा हात फिरले. अर्जदाराची स्वतःची भावजय नको म्हणते म्हटल्यावर मित्रमंडळीचीही पंचाईत झाली. परवानगी नामंजूर झाली, आणि चिबडाचा पट्टा मोकळा ठेवावा असाही ठराव झाला. मी वळून मागं पाहिलं. जेठ उठून गेले होते.

आम्ही दोघी बाहेर आलो आणि नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो. "आता घरी काय होईल?" मी विचारलं. "काय होणार? मारणार थोडेच," त्या म्हणाल्या.

मारलं नाही. कुणी शब्दानंही बोललं नाही, आणि पुढंही बोललंच नाही. भाभी स्वयंपाकघरात आल्या की जाऊबाई हातातलं काम टाकून निघून जायच्या. जेठांची पोरं काकीकडं यायची बंद झाली. त्या वर्षी गणगौरीच्या सोळा दिवसांच्या पूजेला त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यांनी आपल्या खोलीत एकटीनं मातीची गौर मांडली. मला म्हणाल्या, "भांडले असते तर बरं झालं असतं. भांडण संपतं तरी." त्यांचे यजमान भला माणूस, पण तो दिवसभर दुकानात भावासमोर बसायचा आणि संध्याकाळी बायकोसमोर, आणि दोन्हीकडं खाली बघायचा. पुढच्या दिवाळीआधी भाभींचा राजीनामा आला. प्रकृतीचं कारण होतं. त्यांच्या यजमानांना नवीन जालन्यात एका नातेवाइकाच्या बियाण्यांच्या एजन्सीत धाडलं, आणि कुटुंब स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहायला गेलं.

मी शेवटपर्यंत सदस्य राहिले. माझ्या शेजारची जागा रिकामी असायची, मी तिथं पिशवी ठेवायचे.

पुढच्या निवडणुकीत माझा वॉर्ड राखीव राहिला नाही. नवी मंडळी आली आणि जुना विषय नव्यानं पुढं आला. मी हरकत घेतली. जालन्याला कलेक्टर कचेरीत चकरा मारल्या, औरंगाबादला एकदा जाऊन आले. शेवटी एक साहेब पाहणीला आले, ते मे महिन्यात. त्या वर्षी आधीचा पाऊस कमी झालेला, चिबड वरून वाळून त्याला भेगा पडलेल्या. साहेब बूट घालून त्या भेगांवर चालत गेले आणि परत आले.

"बाई, पाणी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"खाली आहे साहेब. एक हात खणून पाहा."

खणायला कुणाकडं काही नव्हतं. साहेबांना पुढं अंबडला जायचं होतं.

पावसाळ्याआधी टिप्पर सुरू झाले. दिवसभर मुरूम यायचा. मी पाळीवर जाऊन उभी राहायचे, काय करायला ते मला सांगता येणार नाही. पहिल्या भरावाला लव्हाळा खालून पुन्हा वर आला, हिरवे शेंडे लाल मुरमातून दिसायचे. मग दुसरा थर पडला. बदकं त्या हिवाळ्यात तळ्यात उतरली, पण पाळीच्या पलीकडच्या टोकाला.

जालन्याला गेले की मी भाभींकडं जायचे. त्यांना हे सगळं सांगणं जिवावर यायचं, पण त्या विचारायच्याच. मुरूम पडला सांगितलं तेव्हा त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. पोळी तव्यावर टाकून म्हणाल्या, "सांडव्यापर्यंत टाकला?" मी हो म्हणाले.

मग त्यांच्या घरात वाटणी झाली. सासरे गेल्यावर ती होणारच होती. बाजारातलं दुकान आणि जुनं घर थोरल्यांकडं राहिलं. धाकट्या भावाच्या वाट्याला लेआउटमधले दोन प्लॉट आले, अगदी खालच्या रांगेतले, ओढ्याच्या बाजूचे. मला ते ऐकून पटेना. मी भाभींना म्हणाले, "नका घेऊ. भांडा की."

"कोण भांडणार ताई? यांनी तिथंच सही केली." मग म्हणाल्या, "जालन्यात भाड्याच्या खोलीत म्हातारं व्हायचं का? गावात घर तर होईल."

अशा रीतीनं भाभी चिबडावर राहायला आल्या.

वास्तुशांतीला मी गेले होते. घर नेटकं होतं, पुढं छोटा ओटा, दाराला झेंडूचं तोरण. जेठ आले, भाभींनी ओढणी ओढली. "घर चांगलं झालं," ते भावाला म्हणाले. सगळे जेवायला बसल्यावर भाभींनी मला मागच्या दारात नेलं. "पाया खणताना पाणी लागलं होतं. मजूर दोन दिवस उपसून राह्यले. हे म्हणाले, कुणाला सांगू नको, शुभ काम आहे."

दोन वर्षांत भिंतींना कमरेपर्यंत ओल चढली. रंगाचे पोपडे निघायचे, भाभी ते झाडून काढायच्या, पुन्हा यायचे. मंगोड्या, म्हणजे मुगाचे सांडगे, आणि पापड डब्यात ठेवले तरी बुरशी धरायचे, म्हणून त्या माझ्याकडं आणून ठेवायच्या. गाद्या रोज उन्हात. खालच्या आळीतल्या विहिरी मात्र फेब्रुवारीतच तळाला जायला लागल्या. नगरपालिकेचा टँकर यायचा आणि त्याच लेआउटच्या रस्त्यावरून वळायचा. भाभींना खोकला लागला. आधी हिवाळ्यापुरता, मग वर्षभर. जिना चढल्यासारखा त्यांना ओटा चढताना दम लागायचा.

एका भादव्यात तीन दिवस पाऊस लागला आणि कित्येक वर्षांनी सांडवा वाहिला. सकाळी दहाच्या सुमाराला कुणीतरी येऊन सांगितलं, लेआउटमध्ये पाणी शिरलं. मी लुगडं वर खोचून गेले. खालच्या रांगेत पोटऱ्यांच्या वर पाणी होतं. ते दारातून आलं नव्हतं. न्हाणीच्या मोरीतून आणि फरशीच्या सांध्यांतून वर आलं होतं. माणसं गच्चीवरून ओरडत होती, नगरपालिकेला, ओव्हरसियरला, पावसाला.

भाभी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. बाजूला गहू, देव आणि शेगडी, सगळं पलंगावरच. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले.

"सगळे पाण्याला शिव्या देऊन राह्यले," त्या म्हणाल्या. श्वास लागत होता, मधे थांबत होत्या. "त्याला जायला जागा कुठं ठेवली, ताई?"

तेवढ्यात दारात जेठ दिसले. सत्तरी ओलांडलेली, धोतर मांडीपर्यंत भिजलेलं, एक हात चौकटीवर. ते आत आले नाहीत. पाण्याकडं पाहत राहिले, मग पलंगाकडं, मग भिंतीवरच्या ओलीकडं. भाभींनी ओढणी ओढली आणि सवयीनं माझ्या कानाशी आल्या. मला वाटलं, आता बोलतील, इतक्या वर्षांचं काहीतरी.

"जेठजींना विचारा, चहा घेतील का?"

मी विचारलं. म्हाताऱ्यानं चौकटीवरचा हात काढला. मग म्हणाले, "पंप मागवतो मी," आणि पाणी कापत निघून गेले. पंप आला, संध्याकाळपर्यंत चालला. जिकडं पाणी फेकलं तिकडून ते परत येत होतं.

त्यानंतर भाभींची तब्येत सावरली नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी कोरड्या जागी न्यायला सांगितलं. मुलगा औरंगाबादला नोकरीला होता, तो घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, भरपूर ऊन. मी एकदा जाऊन आले. त्या खिडकीत बसलेल्या होत्या, खाली फक्त छपरं. म्हणाल्या, "इथं फार बरं आहे." मग विचारलं, "तळ्यात पाणी किती आहे?" मी पाळीपर्यंत आहे म्हणून सांगितलं. खोटंच होतं, त्या वर्षी निम्मं होतं.

माघात त्या गेल्या. शेजारच्या दुकानात फोन आला, मी सकाळच्या गाडीनं निघाले, पण पोचले तेव्हा सगळं आटोपून माणसं परतली होती. मुलानं मला त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं.

गावातल्या कुणाला आता तो ठराव आठवत नाही. मधली काही वर्षं तरी ती जागा आमच्यामुळं मोकळी राहिली होती, हे मी कधी कुणाला सांगायला गेले की माणसं "हो का?" म्हणतात आणि विषय बदलतात. मलाही ते सांगताना आपण बढाई मारतो आहोत असं वाटतं, म्हणून सोडून दिलं.

भाभींचं घर त्यांच्या यजमानांनी भाड्यानं दिलं. नवी बाई शाळेत शिक्षिका, तरुण, नीटनेटकी. मी तिथं जायचे ते लेआउटवाल्यांना ठाऊक होतं, कुणीतरी तिला सांगितलं असावं. एक दिवस तिनं मला रस्त्यात थांबवून आत नेलं आणि भिंत दाखवली.

"मावशी, ही ओल कशानं येते हो?"

मी तिला सगळं सांगितलं, तळ्यापासून. सांडवा कुठं होता, लव्हाळा कुठपर्यंत होता, मुरूम कधी पडला. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग हात भिंतीवर ठेवून म्हणाली, "म्हणजे कोणता रंग लावला तर ही दिसणार न्हाई?"

मला माहीत नव्हतं. स्टेशन रोडला रंगाचं दुकान आहे, तिथं विचारा म्हणाले, आणि घरी आले.